एका हाताची भाकर

शेवंताला गाता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं तिच्या दोन ओळींनी अख्खा खानदेश डोक्यावर घेतला, त्यामुळं कुणालाही वाटावं की बाई मोठ्या गळ्याची असेल. कसलं काय! आवाज जाड, सूर कधी सापडला तर सापडला. जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, कपाशीच्या धुळीत दिवसभर उभं राहणाऱ्या बाईचा गळा जसा असायचा तसाच तिचा. धुळ्यात जिनाच्या मागच्या भिंतीला लागून मजुरांच्या खोल्यांची एक ओळ होती, तिथं ती नवऱ्याबरोबर राहायची. नवरा अभिमन. गडी देखणा, खांद्यानं रुंद, बोलायला गोड. फक्त उजवा हात कोपराच्या पुढं चार बोटांएवढाच राहिला होता, बाकीचा नव्हता.

हात जिनानंच घेतला होता. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. अभिमन जिनात तेलवाला होता, यंत्र फिरत असताना त्याच्या सांध्यांत तेल सोडणं हे त्याचं काम. तेल सोडायला यंत्र थांबवा म्हणणाऱ्याला तिथं कुणी ठेवून घेत नसे. एका सकाळी सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली आणि बाहीमागून हात. दवाखान्यातून तो दीड महिन्यानं घरी आला. जखमी गड्याच्या घरातल्या एकाला कामावर घ्यायचं अशी त्या जिनाची पद्धत होती, म्हणून मुकादम जीवरामनं हजेरीच्या वहीत अभिमनच्या जागी नाव लिहिलं, शेवंता अभिमन. ती यंत्राच्या तोंडाशी उभी राहून कपाशी भरू लागली. सरकी एकीकडं, रुई दुसरीकडं, आणि धूळ सगळी बाईच्या नाकातोंडात.

अभिमन दोन महिने भिंतीकडं तोंड करून पडून होता. शेवंता पहाटे उठून रांधायची, भोंगा वाजला की पळायची, संध्याकाळी येऊन परत चूल. एक दिवस ती आली तर चूल आधीच पेटलेली. हा गडी घामाघूम होऊन परातीपुढं बसला होता, पिठानं दाढीसुद्धा पांढरी झालेली, आणि तव्यावर एक वस्तू जळत होती. तिला भाकर म्हणायला मोठं मन लागलं असतं. शेवंता दारातच खाली बसली आणि हसता हसता रडली. मग दोघांनी ती जळकी वस्तू मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्ली.

त्यानं मनावर घेतलं ते घेतलंच. थोट्या कोपरानं परात दाबून धरायची, डाव्या पंजानं पीठ मळायचं, आणि त्याच पंजानं गोळा फिरवत फिरवत थापायचा. पंधरा दिवस भाकरी फाटत होत्या. होळीपर्यंत अशी गोल येऊ लागली की दोन हातांच्या बायांनी बघावी. कळण्याची भाकर तर फारच अवघड, ज्वारी-उडदाचं ते पीठ हाताला धरत नाही, पण त्यानं तीही साधली. नळावरून पाणी आणायचा, दोन घागरींच्या दोन खेपा करून. संध्याकाळी शेवंता आली की तिला उंबऱ्यावर बसवायचा आणि तिच्या केसांत अडकलेली रुई एकेक करून काढायचा. तेव्हा तो दिवसभराचं काय काय सांगायचा, ती जिनातलं सांगायची. नवराबायकोनं एकमेकांशी इतकं बोलायचं असतं, हे तिला लग्नाच्या आठव्या वर्षी कळलं. पोटी मूल नव्हतं, त्याचंही दुःख त्या दिवसांत जरा कमी झालं होतं. वस्तीतल्या लोकांना सुरुवातीला अभिमनची कीव यायची, आणि कीव येते तोवर लोक कुणाला हसत नाहीत.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी आखाजीला शेवंता माहेरी भडगावला गेली.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा खानदेशातल्या सासुरवाशिणींचा हक्काचा सण. गौराई बसते, लिंबाला झोके बांधतात, आणि झोक्यावर बसून पोरीबाळी गाणी म्हणतात. त्या गाण्यांत काय असतं? सासूनं उपाशी ठेवलं, नणदेनं चुगली केली, दादला दारू पिऊन आला आणि पाठ सोलून काढली. वर्षभर जे गिळलं ते त्या चार दिवसांत झोक्यावर ओकायचं, आणि ऐकणाऱ्या बायांनी डोळे पुसायचे, मग सगळ्यांनी मिळून हसायचं. तिथं रडायला मोकळीक आहे, शिव्या द्यायलाही आहे. सुख गाण्याची तेवढी रीत नाही. रीत कुणी घातलेली नाही, पण नाही.

शेवंता झोक्यावर बसली तेव्हा बाया म्हणाल्या, आता तुझ्या सासरचं म्हण. तिच्याकडं म्हणण्यासारखं गाऱ्हाणंच नव्हतं. सासू कधीच वारलेली, नणंद नव्हती, आणि नवरा घरी बसून तिची वाट बघत असेल हे तिला ठाऊक होतं. बायांनी फारच धोशा लावला, तेव्हा तिनं त्या जाड्याभरड्या आवाजात जे मनात होतं ते जोडलं,

“मना धनी भाकर थापस, एकच हात शे त्याले,
बठ्ठा दोन हातना दादला, काय कामना माले?”

माझ्या धन्याला एकच हात आहे आणि तो भाकर थापतो, मग ते सगळे दोन हातांचे नवरे माझ्या काय कामाचे? एवढंच. पण दोन हातांच्या नवऱ्यांचा मार खाऊन माहेरी आलेल्या पंधरा-वीस बाया तिथं बसल्या होत्या. त्या अशा काही ओरडल्या की गिरणा नदीच्या पाण्यावरचे बगळे उडाले. त्या संध्याकाळी प्रत्येक झोक्यावर तेच. चार दिवस तेच. शेवंताला इतका आनंद झाला होता की परत आल्यावर ती अभिमनला हे सांगणार होती. पण उंबऱ्यावर बसल्यावर लाज वाटली, आणि राहून गेलं. त्या राहून गेल्याचा पुढं तिनं किती जाच करून घेतला, विचारू नका.

नदीच्या काठाला त्या दिवसांत हिलालचा तमाशाचा फड उतरला होता. त्याचा तुणतुणेवाला पुना हा गाणी जोडणारा माणूस, आणि कान नको इतका तिखट. झोक्यावरच्या त्या दोन ओळी त्यानं उचलल्या. कुणाच्या, कुणाबद्दल, काही विचारलं नाही. चालीत थोडी उडी भरली, आणि पुढं आपल्या डोक्यातलं जोडलं,

“बायको जास जिनवर, माय, दादला पाणी भरस,
बायकोले मिशा फुटन्यात वं, दादला लुगडं नेसस.”

आणि अशीच आणखी सात कडवी. कशी ती इथं सांगत नाही, फडात म्हणायची ती फडातच शोभतात. शेवंताच्या ओळी त्यानं सुरुवातीला जशाच्या तशा ठेवल्या, पण फडातला नाच्या त्या अशा काही गळा काढून, कंबर मोडून म्हणायचा की त्यातल्या प्रेमाची चेष्टा होऊन गेली.

दिवाळीपर्यंत ते गाणं जळगावाकडच्या केळीच्या बागांत होतं, भुसावळच्या रेल्वेच्या चाळीत होतं, आणि मार्गशीर्षात धुळ्यातल्या वरातींचे बँडवाले तेच वाजवू लागले. लग्नात नवरदेवाचे मित्र नवरदेवाला चिडवायला ते हटकून लावायला सांगत. बँडला शब्द नसतात, पण गावाला पाठ होते. जिनाच्या मागच्या ओळीत एक हाताचा, भाकरी थापणारा, बायको जिनात जाणारा माणूस एकच होता. कुणीतरी म्हणालं, अरे, हे तर आपल्या अभिमनचं गाणं. झालं. कीव संपली.

शेवंतानं ते पहिल्यांदा जिनातच ऐकलं. पलीकडची बाई कपाशी भरता भरता गुणगुणत होती. आपल्याच ओळी कानावर आल्या तेव्हा तिनं मान वळवली. मग पुढची ओळ आली, मिशांची आणि लुगड्याची. तिचा हात तसाच यंत्राच्या तोंडाशी राहिला होता. जीवराम ओरडला म्हणून हात वाचला.

घरी ती भीत भीत आली. अभिमननंही ऐकलं होतं, नळावर बायांनीच ऐकवलं होतं. त्या दिवशी तो हसला. म्हणाला, लोकांना काही काम नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यानं नळावर जाणं सोडलं. मग दार लावून भाकरी थापू लागला, धूर आत कोंडायचा, खोकत बसायचा. मग भाकरीच बंद. मग तिच्या केसांतली रुई काढणंही बंद. ती आपली आपणच काढायची, मागची राहून जायची. हे गाणं कुणी केलं, असं मात्र त्यानं एकदाही विचारलं नाही. वस्तीत सगळे अंदाज बांधत होते, कुणी जीवरामचं नाव घ्यायचं, कुणी शेजारच्या लीलाधरचं. अभिमन त्यावर तोंड उघडत नव्हता. शेवंताला ते बरं वाटायचं. तिच्या मनात एकच भीती होती, की आपण केलं हे याला कळलं तर हा माणूस आपल्या हातचा जाईल. आणि हातचा जातच होता. रोज थोडा थोडा जात होता, आणि ती समोर बसून बघत होती.

माघात एका संध्याकाळी ती जिनातून परस्पर नळावर गेली. रांग मोठी होती. अभिमन रस्त्याच्या पलीकडं चार माणसांत उभा होता. दोन-अडीच वर्षांच्या सवयीनं, काही मनात नसताना, तिच्या तोंडून गेलं की पीठ मळून ठेवा, मी येतेच. बस, एवढंच. रांगेतल्या दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला, आणि त्या चौघांतल्या एकानं ओठ न हलवता ती चाल धरली.

अभिमन रस्ता ओलांडून आला आणि त्यानं डाव्या हातानं तिला मारलं. एकदा नाही. ती नळाच्या फरशीवर पडली, तरी मारलं. घागर लाथेनं उडवली. कुणी मधे पडलं नाही. शेजारची इंदिराबाई नंतर तिला उठवायला आली, पण तो निघून गेल्यावर. चौघांतला एक म्हातारा समाधानानं म्हणाला, आता कसा बाप्यामाणूस दिसतो. शेवंतानं ते ऐकलं. फरशीवर पडल्या पडल्या तिच्या मनात राग आला नाही, हे खोटं वाटेल पण खरं आहे. तिला वाटलं, आपण याचं घरातलं चौघांत नेलं, त्याची ही फेड आहे. आता फिटलं असेल तर परत सगळं पहिल्यासारखं होईल. बिचारी. दुसऱ्या दिवसापासून त्या खोल्यांच्या ओळीत ते गाणं खरंच कुणी म्हटलं नाही. माणसाला एवढा मान फार स्वस्तात मिळाला होता. घरात मात्र काही पहिल्यासारखं झालं नाही.

फाल्गुनात फडमालक हिलाल स्वतः दारात आला. अंगात रेशमी सदरा, बोलणं लोण्यासारखं. गाण्यातला खरा माणूस धुळ्यात राहतो हे त्याच्या कानावर गेलं होतं. त्यानं सांगितलं की गाणं सुरू झालं की फडावर खरी चूल मांडू, तू लुगडं नेसून यायचं, एका हातानं भाकर थापायची, आणि भाजली की लोकांत फेकायची. लोक तुटून पडतील. पावसाळा सोडला तर बारमाही काम.

शेवंता दाराआड उभी होती. तिला वाटलं, आता हा त्याला वहाणेनं मारील. तिनं तर वहाण कुठं आहे तेही पाहून ठेवलं. अभिमननं विचारलं, कधीपासून यायचं?

हिलाल गेल्यावर ती अभिमनच्या पाया पडली. म्हणाली, घरात थापत होतात तेव्हा लोक हसले म्हणून मला मारलंत, आणि आता तेच लुगडं नेसून हजार लोकांपुढं करणार? तो शांतपणे म्हणाला, “घरमा करं ते बाईनं काम व्हतं. तठे पैसा भेटस. पैसा भेटस ते बाप्यानं काम.” मला विचाराल तर यावर कुणालाच उत्तर सुचत नाही.

जाण्याआधी तो जिनात गेला आणि तिचं नाव काढायला सांगून आला. आता मी कमावतो, माझी बायको कामावर येणार नाही. जीवरामनं लगेच वहीत काट मारली. नवऱ्यानं सांगितल्यावर बाईला काय विचारायचं? शेवंताला हे दुसऱ्या दिवशी फाटकाशी कळलं. त्या साली कापूस अमाप आला होता, जीन चैत्राच्या शेवटापर्यंत चालणार होतं, आत बाया कमी पडत होत्या, आणि ती बाहेर उभी.

महिनाभर ती घरी बसली. घर झाडायला कितीसा वेळ लागतो? दोन भाकरी थापायच्या, त्यातली एक उरायची. शेवटी तिनं मनाशी ठरवलं की आता भ्यायचं नाही. सगळं खरं सांगायचं. ते गाणं चेष्टेचं नव्हतं, तुमच्यासाठी होतं, हे त्याला कळलं की तो परत येईल. एवढ्या एका आशेवर ती सोनगीरला निघाली, कारण बाजाराच्या दिवशी तिथं फडाचा दुपारचा खेळ होता.

सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी माणसांचा नुसता चिखल. ती बायांच्या बाजूला कडेला उभी राहिली. ढोलकी वाजली, नाच्यानं तिच्या ओळी गळा काढून म्हटल्या आणि अभिमन आला. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, आणि पदराखालून मुद्दाम बाहेर काढलेला तो थोटा हात. चुलीपुढं बसून त्यानं परात कोपरानं दाबली. पीठ मळताना तो कुल्हे हलवत होता, गालात जीभ फिरवत होता, बायकी मुरके मारत होता. घरी कधी त्यानं असलं काही केलं नव्हतं. घरी तो भाकर थापताना ओठ घट्ट मिटून बसायचा. लोक शिट्ट्या मारत होते. भाकर फुगली, त्यानं ती गर्दीत भिरकावली, आणि दहा-बारा जण तिच्यावर पडले. शेवंतानं डोळे मिटले नाहीत. तिला सगळं बघायचं होतं.

खेळ संपल्यावर ती कनातीमागं गेली. तो ओंडक्यावर बसून तेलाच्या चिंधीनं कुंकू पुसत होता. तिला बघून दचकला नाही. ती समोर खाली बसली आणि एका दमात म्हणाली, “हाई गानं मी बनाडं व्हतं. आखाजीले, झोकावर. पयल्या दोन ओळी मन्या शेतस. तुम्हनाकरता म्हन्यात मी.”

अभिमन पुसतच राहिला. मग म्हणाला, “माले मालूम शे.”

तिला कळेना.

“पयल्या दिनपासून मालूम शे. दोन हातना काय कामना, हाई तुनासिवाय दुसरं कोन म्हनी?”

बाहेर दुसऱ्या खेळाच्या तिकिटांचा पुकारा चालला होता. तिनं विचारलं, “मंग नळवर माले मारं ते?”

“त्यानाचकरता मारं,” तो म्हणाला. जोरानं नाही, रागानंही नाही. जसं जेवलास का विचारल्यावर माणूस हो म्हणतो तसं. मग चिंधी खाली टाकून त्यानं तिला सांगितलं की उन्हाची आलीस, पाणी पिऊन घे, आणि घरी जा, मी पैसे पाठवतो आहे ना.

ती पाणी प्याली नाही. आग्रा रोडवर येऊन उभी राहिली. एसटी यायला वेळ होता. आजवर तिनं सगळा दोष आपल्या पदरात घेतला होता, इतके महिने कुणाला दिसू न देता तो सांभाळला होता. माराचं दुःख तिला तेव्हा झालं नव्हतं, ते आता रस्त्याच्या कडेला उभं राहून झालं. ती मोठ्यानं रडली. येणारे-जाणारे बघत होते, बघू दिलं.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी ती जिनाच्या फाटकात होती. जीवरामनं तिला आत यायला मना केलं. तुझा नवरा स्वतः येऊन सांगून गेला आहे, तो येऊन परत सांगेल तरच लिहीन, म्हणाला. ती हलली नाही. भोंगा झाला, बाया आत गेल्या, दोन यंत्रांच्या तोंडाशी कुणीच उभं नव्हतं आणि आतून त्याच्या नावानं आरडाओरड सुरू झाली. जीवरामनं कपाळाला हात लावून वही उघडली. नेहमीसारखं शेवंता अभिमन लिहायला लागला, तर तिनं वहीवर पंजा ठेवला आणि सांगितलं, बापाचं नाव लिहा. शेवंता पितांबर.

लग्न झालेल्या बाईच्या नावापुढं बापाचं नाव त्या वहीत कुणी लिहवून घेतलं नव्हतं. जीवराम तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं टाक खाली ठेवला, तिच्या कपाळाकडं पाहिलं, आणि आवाज बारीक करून विचारलं, “काय वं, दादला मरी ग्या का?”

“नही,” शेवंता म्हणाली. “कमावता झाया.”